सतरा नंबरचं गाठोडं

"अहो, स्थिरचित्र म्हणजे नक्की काय हो?" बायकोनं विचारलं, आणि आरामखुर्चीतल्या गृहस्थांनी तोंडावरचं वर्तमानपत्र न काढता उत्तर दिलं, "जी वस्तू आपणहून हलत नाही, तिचं चित्र. ठेवली तिथं राहते, कुरकुर करत नाही. काढणाऱ्याला बरी पडते."

"असं होय," बायको म्हणाली. तिला खुर्चीखालची फरशी पुसायची होती, म्हणून गृहस्थांचे दोन्ही पाय तिनंच उचलून बाजूला ठेवले आणि पुसून झाल्यावर परत होते तिथं आणून ठेवले.

या गृहस्थांना मी फार जवळून ओळखतो. रोज सकाळी त्यांची दाढी मीच करतो आणि घाईत असलो की हनुवटीही मीच कापतो. त्यामुळं पुढच्या हकिकतीत तिखटमीठ सापडेल, पण त्यांची बाजू घेतलेली सापडणार नाही.

गृहस्थ वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या खिडकीत बसत. एकदा चित्रकलेतल्या शब्दांचे अर्थ सांगणारं एक पातळ पुस्तक कव्हर फाटून परत आलं. गृहस्थांनी ते चिकटवलं आणि गोंद वाळेपर्यंत वाचून काढलं. गोंद वाळायला पाऊण तास लागला. त्यांचं कलेचं एकूण शिक्षण तेवढंच, पण ते अंगात मुरायला पाच मिनिटंही लागली नाहीत. कपाटांच्या रांगेकडं बोट करून ते वाचकांना सांगू लागले की समांतर रेषा दूरवर जिथं एकत्र येऊन नाहीशा होतात, त्याला लोपबिंदू म्हणतात. वाचकांना वाटे, हरवलेली पुस्तकं तिथंच जात असावीत. घरी दोरीवरच्या कपड्यांत त्यांना समतोल दिसेना. एकदा जेवताना त्यांनी ताटातल्या मोकळ्या जागेचं कौतुक केलं आणि रिक्त अवकाश हाही रचनेचा भागच असतो, असं बायकोला समजावलं. दुसऱ्या दिवशी बायकोनं त्यांना पोटभर अवकाश वाढला.

बायको मात्र खरंच चित्रकला शिकत होती. मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी गावातल्या कलामंडळाच्या वर्गाला जाई. वर्गाचं वार्षिक प्रदर्शन वाचनालयाच्याच सभागृहात भरणार होतं. विषय स्थिरचित्र. पहिल्या येणाऱ्याला तैलरंगाच्या वर्गात प्रवेश मिळणार होता आणि जागा एकच होती. बायको दोन वर्षं त्या जागेकडं डोळे लावून बसली होती. या वेळीही जमलं नाही तर रंगांची पेटी नातीला देऊन टाकणार, असं तिनं भाजी निवडता निवडता सांगितलं होतं. ती असल्या गोष्टी भाजी निवडतानाच सांगते, आणि मग तसंच करते.

प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी परीक्षक म्हणून येणारे प्राध्यापक जिन्यावरून घसरले आणि त्यांचा पाय प्लास्टरमध्ये गेला. मंडळाच्या सचिवबाई कावऱ्याबावऱ्या होऊन वाचनालयाच्या खिडकीशी आल्या. लोपबिंदू त्यांनाही ऐकवून झालेला होताच. त्या म्हणाल्या, तुम्हीच परीक्षण करा. आता माणसानं अशा वेळी आपल्याला यातलं कळत नाही असं सांगायचं असतं. पण गृहस्थांनी चष्मा पुसला आणि, अगदीच अडलं असेल तर बघू, असं म्हणून पायावर धोंडा पाडून घेतला. धोंडा केवढा आहे, ते घरी आल्यावर कळलं.

"तुम्ही परीक्षक?" बायको म्हणाली. "मग ऐका. चित्रांना नुसते नंबर आहेत, नावं झाकलेली आहेत. माझं कुठलं ते मी सांगणार नाही. ओळखू आलं तर गुण कापा. नाही आलं तर तुमचं नशीब."

गृहस्थांनी मनात हिशेब मांडला. तिचं चित्र मागं पडलं तर पेटी नातीकडं जाणार आणि पुढची सगळी वर्षं आपण त्या घरात राहणार. शिवाय छत्तीस वर्षांच्या संसारानंतर बायकोचा हात ओळखता येत नाही, हे कुणाला सांगणार? गुण कापायचं दूरच राहिलं, ते चोरी करायच्या तयारीला लागले. चहा घेताना त्यांनी बायकोची बोटं निरखली. अंगठ्याच्या नखात निळा रंग होता. सापडला धागा.

सभागृहात तेवीस चित्रं मांडलेली होती. अठरा चित्रांत फळं होती आणि त्यांतली निम्मी वर्गातल्या लोकांनी नंतर खाल्ली असावीत, इतकी ती उदास दिसत होती. निळं असं चित्र एकच होतं. चार नंबरचं. निळा जग आणि शेजारी तीन लिंबं. गृहस्थांनी मनातल्या मनात बायकोला शाबासकी दिली आणि चार नंबरला पहिला क्रमांक देऊन त्याखाली माहीत होते तेवढे सगळे शब्द ओतले. छायाप्रकाश संयत, रंगसंगती प्रसन्न, लिंबांचा पोत असा की दात आंबावेत.

एकाची स्तुती केली की न्यायाचा आव आणायला कुणाला तरी झोडपावं लागतं. त्यांची नजर सतरा नंबरवर पडली. त्यात तपकिरी, बोजड असं काहीतरी होतं आणि त्यावर एक मळकट कागद पडलेला होता. गृहस्थांनी लेखणी सरसावली:

"मध्यभागी वस्तू आहे, परंतु ती कशाची, याचा बोध होत नाही. बहुधा धुवायच्या कपड्यांचे गाठोडे असावे. अग्रभाग व पार्श्वभूमी दोन्ही तेच अडवून बसले आहे. पोत चुरगळलेला, लय अजिबात नाही. ही वस्तू कित्येक वर्षांत जागची हललेली नसावी, असा कंटाळा चित्रभर पसरला आहे. तळाशी दोन निळे ठिपके विनाकारण आहेत."

शेवटचं वाक्य त्यांना फारच आवडलं. ते त्यांनी दोनदा वाचलं.

प्रदर्शनाच्या दिवशी सभागृहात गारठा असेल म्हणून बायकोनं गृहस्थांचा तपकिरी स्वेटर काढून ठेवला होता, तोच घालून ते आले. प्रत्येक चित्राखाली परीक्षकांचा शेरा टंकलिखित करून लावला होता. सचिवबाईंनी नावांवरच्या पट्ट्या काढायला सुरुवात केली. चार नंबरची पट्टी निघाली तेव्हा गृहस्थ टाळीसाठी हात उचलून तयार होते. खाली नाव निघालं ते कोपऱ्यावरच्या दंतवैद्याचं. दंतवैद्यानं येऊन त्यांचा हात धरला. आंबलेल्या दातांचा उल्लेख परीक्षकांनी मुद्दाम केला, हे त्याला फार भावलं होतं. यापुढं तुमचे दात मी माझे समजेन, असं त्यानं वचन दिलं.

मग सतरा नंबरची पट्टी निघाली. शेरा वाचायला लोक जमले, त्यांत इस्त्रीवालाही होता. त्यानं चित्र पाहिलं, शेरा वाचला आणि मान हलवली.

"हे गाठोडं नाही," तो म्हणाला. "गाठोडी मी रोज बांधतो. गाठोड्याला गाठ असते. आणि कोपराला ठिगळ लावलेला हा स्वेटर दर पंधरवड्याला माझ्या टेबलावर येतो."

सगळ्यांनी चित्राकडं पाहिलं. मग सगळ्यांनी गृहस्थांकडं पाहिलं. स्वेटर, कोपर, ठिगळ. मग हळूहळू नजरा खाली गेल्या आणि पायांतल्या निळ्या मोज्यांवर थांबल्या.

गृहस्थांची बाजू घेणार नाही असं मी म्हटलं आहे, तरी एवढं सांगतो की माणसाला स्वतःला झोपलेलं कधी पाहता येत नाही. त्या खुर्चीला समोरून त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, कारण ते कायम तिच्यात असत. आणि तोंडावर वर्तमानपत्र होतं.

बायकोनं शेरा शांतपणे वाचला. "ओळखलं नाहीत," एवढंच म्हणाली. मग पिशवीतून काहीतरी काढायचं असल्यासारखी पिशवीत बघत राहिली. गृहस्थांना ती हसताना चालली असती, रागावताना तर चाललीच असती. हे मात्र सोसेना. ते तडक सचिवबाईंकडं गेले आणि भर सभेत म्हणाले, "मला यातलं काही कळत नाही. पाऊण तासात शिकलोय. निकाल बदला."

सचिवबाई म्हणाल्या, निकाल जाहीर झाला तो झाला, दंतवैद्यांनी पेढे आणायला माणूस धाडलाय.

तेवढ्यात कुबड्यांचा ठकठक आवाज करत प्राध्यापक बक्षीस द्यायला आले. ते सतरा नंबरपुढं उभे राहिले. शेरा वाचताना त्यांचा प्लास्टरमधला पायसुद्धा हसत होता.

"शेरा अचूक आहे," ते म्हणाले. "वजन, जडपणा, वर्षानुवर्षांचं बसणं. बाईंनी जे जे पकडलंय, ते सगळं परीक्षकांनी लिहिलंय. फक्त ते त्यांना चित्राचे दोष वाटले. ते वस्तूचे आहेत."

आपल्या तैलरंगाच्या वर्गात भिंतीकडची एक जुनी मोरी बुजवली की चित्र टेकवायची आणखी एक घोडी मांडता येईल, असं त्यांनी सचिवबाईंना सुचवलं. बायकोचा प्रवेश झाला. अट एकच होती. ही वस्तू तिनं वर्गाला घेऊन यायची.

पुढच्या मंगळवारी गृहस्थांना वर्गाच्या मध्यभागी एका स्टुलावर बसवण्यात आलं. आजवर ज्या कामात त्यांचा हात कुणी धरला नव्हता, तेच आता शिस्तीत करायचं होतं. पण न हलणं हे काम आहे असं कळताच त्यांच्या अंगाला काय झालं कोण जाणे. नाक खाजलं, मान अवघडली, डावा गुडघा आपोआप उडू लागला. दहा मिनिटांत त्यांनी तीनदा जागा बदलली, आणि एकदा तर उठून खिडकी लावून आले. घरी खिडकी आपटून फुटली असती तरी ते उठले नसते.

दंतवैद्यानं कंटाळून ब्रश खाली ठेवला. "सर, ही वस्तू हलते."

बायकोनं निळ्या रंगात ब्रश बुडवला आणि मान वर न करता म्हणाली, "घरी नाही हो हलत. परक्या जागी बुजते."