दाबक्यांचा उन्हाळा

सिंगापुरात उन्हाळा कधी सुरू होतो, हे आमच्या मजल्यावर शेजारचे दाबके ठरवत.

या बेटावर बारा महिने सारखाच घाम येतो, त्यामुळे ऋतूंची चौकशी कुणी करत नाही. पण जुलैतल्या एखाद्या शनिवारी सकाळी दाबके स्टुलावर चढून आपल्या दाराच्या लोखंडी जाळीला काचेची एक छोटी घंटी बांधत. घंटीच्या लोलकाला कागदाची पट्टी असे, वारा आला की ती हले आणि किणकिण वाजे. मग खाली उतरून, कमरेवर हात ठेवून, लिफ्टकडे निघालेल्या माणसाला ते सांगत, "उन्हाळा सुरू झाला बरं का!"

नऊ ऑगस्टला राष्ट्रदिनाची आतिषबाजी झाली की दुसऱ्या दिवशी घंटी उतरे. "संपला," दाबके म्हणत. त्या दिवशीही त्यांचा शर्ट पाठीला तसाच चिकटलेला असे, पण चेहरा मात्र हिवाळा तोंडावर आल्यासारखा.

बिशान भागातल्या आमच्या ब्लॉकमध्ये ते आमच्या आधीपासून राहत होते. एकटेच. मूळचे सांगलीकडचे. तरुणपणी कंपनीने त्यांना पंपांचं काम शिकायला जपानला पाठवलं होतं, एका उन्हाळ्यापुरतं. पंपांबद्दल ते कधी बोलत नसत. तिथून त्यांनी आणली ती तिकडे उन्हाळ्यात दारी टांगतात तसली घंटी, आणि गाणी. तीही सगळी एकाच विषयावरची: उन्हाळ्यातली आतिषबाजी आणि तिच्याइतकंच टिकणारं प्रेम.

"आतिषबाजीला ते हानाबी म्हणतात. हाना म्हणजे फूल, बी म्हणजे आग," ते मला समजावत. "म्हणजे आपली फुलबाजीच की हो! हे दोन शब्द घडवणारी माणसं एकमेकांना कधी भेटली असतील, सांगा बघू!"

त्या गाण्यांची गोष्टही बहुतेक एकच असे. मुलगा आणि मुलगी नदीकाठी हानाबी बघायला जातात. मुलाला काहीतरी सांगायचं असतं. तो तोंड उघडतो आणि नेमका वर आकाशात बार फुटतो. ती विचारते, "काय म्हणालास?" तो म्हणतो, "काही नाही." उन्हाळा संपतो.

"त्या 'काही नाही'वर त्यांची सगळी गायकी उभी आहे," दाबके म्हणत. "आपल्याकडे असता, तर त्यानं दोन अंतरे आणखी घेतले असते."

गाणी ठीक होती. सोसावे लागत ते उच्चार. दाबक्यांना शुद्ध उच्चाराचं वेड होतं. गाताना एक अक्षर चुकलं तरी ते थांबत, "उच्चार! उच्चार!" असं स्वतःलाच दटावत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत. मंडळाच्या गणपतीत एकदा त्यांना अभंगाचा आग्रह झाला. ते हानाबीच्या गाण्यावर अडून बसले. पहिल्याच कडव्यात तीनदा मागे फिरले. आरती खोळंबली, उकडीचे मोदक गार झाले, आणि तबक धरून उभ्या असलेल्या एक बाई मला हळूच म्हणाल्या, "अहो, ही फुलबाजी विझत का नाही?"

माझी मुलगी सई शाळेत तिसरी भाषा म्हणून जपानी घ्यायची. तिने लिफ्टमध्ये त्यांना उत्साहाने एक वाक्य म्हणून दाखवलं, तर तळमजला येईपर्यंत तिचा 'त्सु'चा उच्चार दुरुस्त होत राहिला. "ही इज सो स्ट्रिक्ट, लाह," ती घरी येऊन इथल्या हेलात फणफणली. "माझ्या टीचरपेक्षा जास्त!"

त्याच वर्षी आई कराडहून आमच्याकडे आली. चार आठवड्यांसाठी आली होती. इथे तिचं दुखणं निघालं, नोव्हेनाच्या हॉस्पिटलच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि डॉक्टरांनी विमानप्रवासाला नाही म्हटलं. आपण आता परत जाणार नाही, हे तिला आमच्याआधी कळलं असावं. ती बोलायची बंद झाली. आयुष्यभर शाळेतल्या पोरांना पाढे म्हणायला लावलेली बाई; दिवसभर जाळीच्या दाराआड खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघायची. ताट तसंच परत यायचं. मी विद्यापीठातून लवकर येऊन तिला वाचून दाखवायचे. ती माझ्यासाठी ऐकल्यासारखं करायची. औषध चालू होतं, पण माझी आई माझ्यासमोर निघून चालली होती आणि तिला थांबवण्याजोगं माझ्याजवळ काही नव्हतं.

एका संध्याकाळी मी घरी आले, तर आई कुणाशी तरी बोलत होती.

बाहेर कुंड्यांना पाणी घालत गाणारे दाबके गाता गाता थांबले होते. जाळीतून आई म्हणत होती, "परत म्हण की रे. मघाचं. किती कळवळून हाक मारतोस आईला!"

दाबक्यांच्या हातातली झारी तशीच वाकडी राहिली आणि पाणी त्यांच्या चपलेवर पडत राहिलं. मला वाटलं, आता "उच्चार!" होणार आणि मग सगळा अर्थ सांगितला जाणार.

"म्हणतो, मावशी," ते म्हणाले.

त्यानंतर रोज संध्याकाळी ते स्टूल घेऊन आमच्या दारापुढे बसायला लागले. आई हुकूम सोडायची. "पाठ सरळ ठेव. पोक काढून गाणं येतं होय?" दाबके पाठ सरळ करायचे. "जेवलास का?" "नाही, मावशी." "मग आधी जेव. मीबी जेवते." आणि ती खरंच जेवायची. तिकडे ते वाटीत भात घेऊन, इकडे ही ताट घेऊन, मध्ये जाळी. दार उघडा म्हटलं तर दोघांनाही ते पटत नसे. "असू दे. गप्पांना कशाला दार लागतं?" आई म्हणे.

एकदा सई स्वयंपाकघरात आली ती डोळे विस्फारूनच. "मम्मा, अंकल रॉंग वर्ड गातायत! इट्स कोई. प्रत्येक वेळी ते आई म्हणतायत. माझा त्सु चालत नाही आणि स्वतः बघ!"

मी दुसऱ्या दिवशी लिफ्टपाशी त्यांना गाठलं. दाबके चोरी पकडल्यासारखे आकड्यांच्या दिव्याकडे बघत राहिले.

"मूळ शब्द कोई आहे," शेवटी ते म्हणाले. "मावशींना तो आई ऐकू आला. पण तसा अर्थ बिघडत नाही हो. जपानीत कोई म्हणजे प्रेम आणि आई म्हणजेही प्रेमच." मग म्हणाले, "इतकी वर्षं गातोय मी. थांबा म्हणणारे पुष्कळ भेटले. परत म्हण म्हणणाऱ्या त्या पहिल्याच."

लिफ्ट आली. ती रिकामी होती, पण दोघांपैकी कुणीच आत शिरलं नाही.

पुढच्या मार्चमध्ये आई गेली. शेवटचे महिने ती बोलत होती, रागावत होती, जेवत होती. माझी आई शेवटपर्यंत माझी आई होती. हे मला कुणामुळे मिळालं, हे मला ठाऊक होतं. ते सांगायचं कसं, हे मात्र ठाऊक नव्हतं. मी पुस्तकांत राहणारी बाई. आभार मला लिहिता येतात, बोलता येत नाहीत.

जुलै आला. दर शनिवारी राष्ट्रदिनाच्या तालमी, आतिषबाजीसकट, सुरू झाल्या, तरी शेजारच्या जाळीवर घंटी दिसेना. गाणंही नाही. दाबके खाली मान घालून कुंड्यांना पाणी घालायचे आणि आत जायचे.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी मीच त्यांची बेल वाजवली. "काका, उन्हाळा कधी?"

"या वर्षी नको म्हणतो."

"मावशी रागावतील."

 ते आत जाऊन स्टूल घेऊन आले. मी ते धरलं, त्यांनी घंटी बांधली.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं कॉरिडॉरच्या कठड्याशी उभे होतो. दूर दक्षिणेला इमारतींच्या डोक्यावरून आतिषबाजीची टोकं तेवढी दिसत होती: लाल, पांढरी, मुठीएवढी फुलं. दाबके हळू आवाजात गाऊ लागले. या वेळी त्यांनी मूळ शब्द घ्यायचं ठरवलं असावं, कारण त्या जागी आल्यावर ते अडखळले. मी "उच्चार!"ची वाट पाहत राहिले. त्यांनी घसा साफ केला, पाठ सरळ केली आणि म्हटलं, "आई."

तेव्हा मी बोलले. दोनच शब्द, कठड्याकडे बघत.

"काय म्हणालात?" दाबक्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं.

ते मान डोलावून पुन्हा समोर बघू लागले. इतक्या लांबून आतिषबाजीचा आवाज आमच्या मजल्यापर्यंत पोहोचत नाही.