परगावचा पैलवान

आमचे घरमालक आप्पा टीव्ही गेम खेळायला बसण्याआधी अंगणातली चिमूटभर माती दोन्ही रिमोटना चोळत. पैलवानानं माती लावल्याशिवाय हात मिळवायचा नसतो, हे त्यांचं ठाम मत. त्या मातीनं दोन बटणं कायमची रुतून बसली होती, आणि ती दोन्ही माझ्या रिमोटची होती.

मी मूळचा कोयनानगरचा. कुपवाडच्या एका कारखान्यात टेंपररी लागलो होतो आणि मिरजेत आप्पांच्या घरची एक खोली भाड्यानं घेतली होती. आप्पा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, तरुणपणी कुस्त्या मारलेले. टीव्ही गेम त्यांच्या पुतण्यानं सुट्टीत पुण्याहून आणला आणि जाताना इथंच विसरला. संध्याकाळी मी कामावरून आलो की दाराशी हाक यायची, "आवं पावणं, हाय का आज?" नाही म्हणायची सोय नव्हती. घरमालक पडले.

मारामारीच्या त्या गेममध्ये आठ गडी होते. नववा लपलेला. वर, वर, खाली करून दोन बटणं एकदम दाबली की रिकाम्या चौकटीत तो उगवायचा. हा मुळात या गेममधला नाहीच, दुसऱ्याच गेममधून इथं पाहुणा म्हणून आलाय, असं पुतण्यानं सांगून ठेवलं होतं. झालं! आप्पांनी त्याला तिथल्या तिथं दत्तकच घेतलं. "म्हंजी परगावचा पैलवान म्हना की!" त्यानंतर त्यांनी दुसऱ्या कुठल्या गड्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही.

परगावच्यासाठी नियम वेगळे. आप्पा त्याला घेऊन मला बडवणार, आणि प्रत्येक फटक्याला मी "शाब्बास!" म्हणून ओरडायचं. स्वतःच्या गड्यासाठी ओरडायची मला परवानगी नव्हती. "तुमच्यासाठी वरडायला ती समदी हायती की," म्हणून ते पडद्यावर मागं नाचणाऱ्या प्रेक्षकांकडं बोट दाखवत. ते प्रेक्षक कुणीही पडलं तरी तेच हात तसेच वर करायचे. परगावचा आडवा झाल्यावरही ते नाचले की आप्पा काचेला नाक लावून त्यांची खरडपट्टी काढत. "लाज हाय का रं? पावना पडला आन् नाचताय!" शेजारी तंबोरे बनवणारे काका राहत. आमचा आरडाओरडा सुरू झाला की ते तारा जुळवायचं सोडून चहाला निघून जात.

एकदा मी वैतागलो. दिवसभर मशीनवर उभा राहून आलो होतो. म्हणालो, "आप्पा, मारही मीच खायचा आणि शाबासकीही मीच द्यायची?"

आप्पा उठले. टीव्ही बंद करून बाहेर गेले.

आक्का, म्हणजे त्यांची बायको, शेंगा फोडत बसल्या होत्या. "आमचं लगीन झालं त्या साली," त्या म्हणाल्या, "कर्नाटकाकडच्या एका गावात ह्यांनी तितल्या नावाजल्याल्या पैलवानाला चितपट केलं. मैदान मानसांनी भरल्यालं, पन एक टाळी वाजली न्हाई. फेटा पिशवीत घालून एकटंच यष्टीनं आलं. जेवलं न्हाईत, बोललं न्हाईत. मला वाटलं, हरूनच आल्याती."

दुसऱ्या दिवसापासून मी घसा बसेपर्यंत ओरडू लागलो.

पुढं आमच्या कारखान्यात पर्मनंटची एक जागा निघाली. ती मिळाली नाही तर मला खोली सोडून गावी परतावं लागणार होतं. बाकीचे उमेदवार तिथलेच. त्यांचे काका-मामा मुलाखतीच्या दिवशी सकाळपासून गेटसमोर लिंबाखाली बसलेले. दुपारी साहेबांनी निकाल तिथंच सांगून टाकला. मी लागलो होतो. गेटबाहेर आलो तर झाडाखालची सगळी मंडळी एकदम गप्प झाली. कालपर्यंत माझ्या डब्यातलं खाणारे दोघं दुसरीकडं बघू लागले. इतकी हवी होती ती नोकरी, आणि मला धड आनंदही करता येईना.

रस्त्यापलीकडं उन्हात आप्पा सायकल धरून उभे होते.

"झालं?"

"झालं, आप्पा."

त्यांनी टाळ्या वाजवायला दोन्ही हात सोडले आणि सायकल धाडकन पडली. तिच्याकडं न बघता ते वाजवतच राहिले.

"आप्पा, निकाल काय लागेल ते माहीत नसताना कशाला आलात एवढ्या लांब?"

"हरला असता तर ही समदी आली असती की तुमच्याजवळ," सायकल उचलत ते म्हणाले. "हरल्याल्या मानसाची समजूत घालाय कुनीबी येतंय. जिकून एकट्यानं घरला जानं लय वंगाळ. म्हनून आलो."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. त्यांनी मला मागं कॅरिअरवर बसवलं. आता मी चालवतो, असं मी सारखं म्हणत होतो. पण मिरजेपर्यंत त्यांनी सायकल काही माझ्या हाती दिली नाही.