बाबाजान महाताच्या वाकड्या फेट्याची हकीकत

श्रीगजवदन प्रसन्न. शके अठराशे चार, चित्रभानु नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी जे वर्तले ते लिहितो. आम्ही त्या समयी दरबारी जासूद होतो, सर्व डोळां देखिले, आणि केस पिकल्यावर अक्षर शिकलो; उणेअधिक वाचणारांनी सांभाळून घ्यावे.

ऐसे जे, चंचला हत्तिणीच्या गळ्यातील रुप्याची घंटा नाहीशी जाहली आणि श्रीमंत महाराजांनी भर दरबारी बाबाजान महातास चोर म्हटले आणि छडीने त्याचा फेटा उडविला. मग बाबाजान उघड्या डोईने घरी जाऊन बसला आणि दुसरे दिवशी घंटा गवताच्या गंजीत सापडली. इकडे हत्तीण बाबाजानाचे हातावाचून घास घेईना. तीन दिवस लोटले, तिचे डोळे खोल गेले. राज्याची रीत ऐसी की, ज्याने फेटा पाडिला त्याने दारी जाऊन स्वहस्ते बांधावा. परंतु महाराज म्हणाले, "आम्ही महाताच्या झोपडीत जावे काय? गोऱ्या पंतोजींनी एक शब्द शिकविला आहे. तो धाडिला म्हणजे जावे लागत नाही." आणि 'सॉरी' हा शब्द देऊन आम्हांस रवाना केले.

वाटेत आमची मती गुंग जाहली. कारण पंतोजींचा पाय आमचे पायावर पडला तेव्हा ते सॉरी म्हणाले, आणि वांग्याची भाजी नको म्हणून ताट सारले तेव्हाही सॉरी, आणि दिवाणजींची आई वारली तेव्हाही तेच. मग बाबाजानास शब्द सांगितला आणि त्याने अर्थ पुसला तेव्हा हेही सर्व सांगितले.

बाबाजान म्हणाला, "जासूददादा, मग सरकारांनी मला कुठला धाडला? पायाचा, वांग्याचा, का मयताचा?"

त्याची बायको हुसेनबी चुलीपासून बोलली, "आमच्या कोंबडीनं शेजारणीचं दाणं खाल्लं तर मी तिच्या दारात जाते. राजाला पाय न्हाईत व्हय?"

आम्ही परत येऊन, कोंबडी वगळून, सर्व निवेदन केले. महाराजही घोटाळ्यात पडले. मग त्यांनी पंतोजींस विचारिले, "आम्ही कोणता धाडिला?" पंतोजींस नीट ऐकू आले नाही, त्यांनी कानामागे हात धरून म्हटले, "सॉरी?"

इतक्यात वर्दी आली की हत्तीण खाली बसली, उठत नाही. तेव्हा महाराज उठले आणि जोडे न घालता बाबाजानाचे झोपडीकडे चालू लागले आणि आम्ही मागोमाग.

बाबाजानाने मान वाकविली. परंतु महाराजांचा स्वतःचा फेटा हुजऱ्या बांधीत असे, त्यांस ती विद्या ठाऊक नव्हती. तीन वेळा बांधिला, तीन वेळा सुटला, आणि कपाळी घाम आला. चौथ्याने बसला तो डाव्या कानावर. महाराज पुन्हा सोडू लागले तो बाबाजान म्हणाला, "राहू द्या, सरकार. तिकडं ती उपाशी हाय."

मग तो गजशाळेत गेला आणि हत्तिणीने सोंडेने तो वाकडा फेटा चाचपला, आणि मग त्याच्या हातचा ऊस घेतला. पुढे बाबाजानाने कितीएक फेटे झिजविले, परंतु प्रत्येक डाव्या कानावरच बांधिला, आणि कोणी सरळ करावयास गेल्यास हात झटकी.

सारांश, हत्तीण वाचली. तो शब्द कोणत्या कामाचा हे आम्हांस आजतागायत उमगले नाही. आम्ही तो बाबाजानाचे दारी ठेवून आलो होतो. परत कोणी मागितला नाही.