सुरक्षित भार : आठ आवाज

आमच्या शेजारच्या गजभिये भाऊजींच्या कॉम्प्युटरच्या डब्यावर पिवळ्या ऑइल पेंटने ठळक लिहिलेलं होतं : ‘सुरक्षित भार – ८ आवाज’. अक्षरं साचा ठेवून काढलेली, एकही ओघळ नाही. भाऊजींनी उभा जन्म स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवली. क्रेनवर ती किती वजन पेलते ते असंच लिहिलेलं असतं. भार लिहिल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. त्यांच्या बायकोच्या, सुमनताईंच्या मिक्सरवरही ‘पाव किलो’ लिहिलेलं आहे.

ईशान, मागच्या रविवारी तू फोनवर विचारलंस, घरच्या साध्या कॉम्प्युटरवर एकेक आवाज वेगळा रेकॉर्ड करून गाणं करता येईल का, वर प्लगइन लावली तर तो ते पेलेल का. आजीला काय कळणार म्हणून लगेच विषयही बदललास. पण गेलं वर्षभर नेहरू नगरातल्या आमच्या गल्लीला दुसरा विषय नाही. तेव्हा उत्तर देते. तुझ्या बहिणीला, मीरालाही वाचून दाखव.

भाऊजींची एक गाण्याची पार्टी होती. नऊ माणसं, सगळी प्लांटमधली, जयंतीला विहारात गाणारी. रिटायर झालं की क्वार्टर सोडावं लागतं. कोणी गोंदियाला गेलं, कोणी नागपूरला मुलाकडे, आणि चौघे तर कायमचेच गेले. उरले भाऊजी आणि त्यांची पेटी. मग लेकीने तिचा जुना कॉम्प्युटर धाडला आणि भाऊजींनी ठरवलं, अख्खी पार्टी एकट्यानेच गायची.

झालं! रोज सकाळी अकरा वाजता ते आमच्या कुंपणाशी येत.

“वहिनी, कुकर लावला काय जी?”

“लावलाय. दोन शिट्ट्या झाल्यात.”

“तिसरी रोका. मी रेकॉर्डिंग करून राहिलो.”

प्लांटमध्ये दुरुस्ती चालू असली की स्विचला लाल पाटी अडकवतात, तशी त्यांनी घरातल्या पंख्याला अडकवली होती. भिलाईच्या मे महिन्यात पंखा बंद, खिडक्यांना गाद्या, आणि भाऊजी बनियनवर, डोक्यावर ओला गमछा. सुमनताईंना कणीक मळताना बांगड्या काढाव्या लागत. “लग्नातबी एवढा पहारा नव्हता,” असं त्या म्हणत.

कॉम्प्युटरशेजारी एक तक्ता टांगलेला होता. मी शाळेत इंग्रजी शिकवलेली बाई, तक्ता दिसला की वाचतेच. ‘आवाज १, आवाज २’ असं काही नव्हतं. पहिले स्वतः, मग मेश्राम, खोब्रागडे, असे एकेक. आणि भाऊजी नुसतं गात नसत, ते तो तो माणूस होऊन गात. मेश्राम ओळीआधी खाकरायचे, म्हणून भाऊजी खाकरायचे. खोब्रागडे वरचा सूर लागेना की डोळे मिटायचे, म्हणून भाऊजी डोळे मिटायचे. डोळे रेकॉर्ड होत नाहीत, हे मी त्यांना सांगून पाहिलं.

“होतात जी,” ते म्हणाले.

प्रत्येक आवाजाला त्यांनी प्लगइन लावली होती. एकाने आवाज मोठ्या सभागृहात घुमल्यासारखा होतो, एकाने खरखर जाते, एकाने मागचे बारीकसारीक आवाज पुसले जातात. भाऊजी त्याला पावडर-स्नो म्हणत. आठ माणसांना पावडर-स्नो लावून कॉम्प्युटर कसाबसा चाले. भाऊजी त्याच्या पंख्याला कान लावून बसत. “लोड पाहावा लागते, वहिनी. यंत्र आधी आवाज बदलते, मग दगा देते.” म्हणून तर डब्यावर आठ.

पण पार्टी नऊ जणांची. तक्त्यावर नवव्या ओळीत नाव नव्हतं, फक्त ‘टाळी’. ती टाळी घेतली की गाणं तुकडे तुकडे होऊन अडकायचं आणि पडदा थिजायचा. भाऊजींचं जेवण कमी झालं. सुमनताई माझ्याकडे आल्या, “तुमीच समजवा जी याहिले.”

मी एक उपाय घेऊन गेले, ईशान. म्हटलं, आठ आवाज एकत्र मिसळून एकच करा, भार उतरेल.

“आणि एकदा साच्यात ओतलं का मग मेश्राम वेगळा निघते काय? नाही जमत.”

“मग टाळी सोडून द्या, भाऊजी. आठ जण एवढं छान गातायत. टाळीवाचून काय अडलंय?”

ते म्हणाले, “तुमी तर असं नका म्हणू, वहिनी.” आणि गमछा डोक्यावर ओढून घेतला.

मी जरा रागावूनच घरी आले. तुमचे आजोबाही त्या पार्टीत होते, कायमच्या गेलेल्या त्या चौघांतले एक. दर जयंतीला इस्त्रीचा पांढरा सदरा घालून जायचे. मी पेपर तपासत घरी बसायची, एकदाही गेले नाही. घरात मात्र त्यांना कधी गुणगुणतानाही ऐकलं नव्हतं. विचारलं तर म्हणत, “तिकडे गातो ना, पुरे.” त्यांचं नाव तक्त्यावर का नाही, हे मी भाऊजींना विचारलं नव्हतं. मनात होतं.

चार दिवसांनी कुंपणावरून हाक आली. “वहिनी, या. पावडर पुसून टाकली.”

भाऊजींनी सगळ्या आवाजांवरची सगळी प्लगइन काढून टाकली होती. घुमारा गेला, खरखर परत आली. मेश्राम खाकरले तेव्हा सुमनताई पदर तोंडाला लावून हसल्या. कॉम्प्युटर अडकला नाही. डब्यावरचा आठ खरवडून तिथे नऊ काढला होता, पेंट अजून ओला होता.

मग टाळी आली. प्रत्येक वेळी किंचित मागे.

“भाऊजी, ही टाळी उशिरा पडते,” मी म्हटलं. चूक दिसली की मला राहवत नाही.

“साहेबांची आहे जी ती. साहेब कधी गायलेच नाहीत. सूर लागत नव्हता त्याहिचा. पण टाळी द्यायचे. आधी ऐकायचे, मग द्यायचे, अर्धी मात्रा मागून. मले तसं मागं राहणं जमतच नव्हतं. महिना गेला शिकण्यात.”

तक्त्यावर नवव्या ओळीत आता पेन्सिलीने ‘साहेब’ असं लिहिलेलं होतं. तुमच्या आजोबांना भाऊजी साहेबच म्हणायचे.

चहा घेणार का, असं विचारलं तरी तुमचे आजोबा क्षणभर थांबून मग “हो” म्हणत. इतकी वर्षं मी त्यावरून चिडायची.

तर ईशान, घरचा कॉम्प्युटर पेलतो. फक्त साजशृंगार किती आणि माणसं किती, ते ठरवावं लागतं.

गाणं दुसऱ्यांदा लावल्यावर खोब्रागड्यांच्या मागे बारीकशी शिट्टी ऐकू आली. माझ्या कुकरची. आजवर प्लगइनने पुसलेली होती, आता उघडी पडली. भाऊजी कानाला हात लावून म्हणाले, “तुमची तिसरी, वहिनी! मी खोब्रागडेले पुन्हा गातो, काढून टाकतो.”

“राहू द्या,” मी म्हटलं.

त्यांनी तिसऱ्यांदा लावलं. शिट्टी वाजते, आणि तिच्यामागून, अर्धी मात्रा उशिरा, टाळी.