मोकळे खिळे

याकोब साळवे यांच्या घरात एकशे सत्तेचाळीस खिळे होते आणि त्यांतल्या निम्म्यांवर काहीही टांगलेलं नव्हतं.

केडगावात आमच्या शेजारचं जुनं रो-हाऊस त्यांनी घेतलं, टेम्पोतून सामान उतरलं आणि चहाचं पातेलं सापडायच्या आधी यांनी हातोडा शोधला. तासभर ठोकाठोकी ऐकल्यावर मी कंपाउंडवरून विचारलं, "एवढं काय लावताय, भाऊ?"

"लावत काय न्हाई, ताई. नुसता मारून बघतोय."

मागे त्यांच्या बायको, मार्थावहिनी, खिळ्यांची वाटी धरून उभ्या. "मलाबी मारू द्या की एक," म्हणाल्या. मारला, तो वाकडा गेला, आणि साठीची दोन माणसं भिंतीला टेकून हसत सुटली. मला वाटलं, शेजार कठीण दिसतोय.

कारण नंतर कळलं. साळवेभाऊ साखर कारखान्यात फिटर होते. चौतीस वर्षं कारखान्याच्या क्वार्टरमध्ये काढलेली, आणि तिथं भिंतीला खिळा मारायची मनाई. कोणी क्वार्टर सोडायला निघालं की क्वार्टरं सांभाळणारा इस्टेटबाबू यायचा, भिंतींवरून तळहात फिरवायचा, आणि एक जरी भोक लागलं तरी ते बुजवेपर्यंत कागदावर सही करायचा नाही. म्हणून यांचं कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीनं, घड्याळ कपाटावर झोपलेलं, आणि मार्थावहिनींच्या आईचा फोटो इतकी वर्षं ट्रंकेत, लुगड्यात गुंडाळून. तो आपल्या घरी गेल्यावर लावायचा, हे लग्नानंतर लगेचच ठरलेलं.

आपलं घर मिळालं, पण जसं होतं तसं ते भाऊंना चालेना. त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम पाणसळ, म्हणजे काचेच्या नळीत बुडबुडा असलेली ती वीतभर पट्टी. पहिल्यांदा आमच्याकडे चहाला आले तेव्हा बसायच्या आधी त्यांनी ती माझ्या शिलाई मशीनच्या टेबलावर ठेवली.

"ताई, तुमी उतारावर शिवताय."

"वीस वर्षं शिवतेय. अजून एकही ब्लाऊज घरंगळला नाही. अर्धा इंच इकडंतिकडं चालतं, भाऊ, आम्ही आत मार्जिन ठेवतो."

"कापडाला चालतं. लोखंडाला मार्जिन नसती."

घर लोखंडाचं नसतं, हे त्यांना कोण सांगणार?

गवंडी, प्लंबर, रंगारी, कोणालाच त्यांनी आत येऊ दिलं नाही. सगळं दोघांनी करायचं. भाऊ टेप घेऊन खोलीच्या दुसऱ्या टोकाला जायचे आणि ओरडायचे, "शून्य धर!" मार्थावहिनी टेपचं टोक भिंतीला दाबून उभ्या राहायच्या.

"चौतीस वर्षं भाकऱ्या थापल्या, आता शून्य धरायला ठिवलंय मला," असं त्या मला सांगायच्या, तिकडे ऐकू जाईल अशा बेतानं.

"तू न्हाई धरलंस तर माझं माप सुरू कुठनं हुनार?" तिकडून उत्तर यायचं.

मार्थावहिनी पाच फुटांना चांगल्याच कमी. भाऊंनी स्वयंपाकाचा ओटा फोडून त्यांच्या उंचीचा केला. दिव्यांची बटणंसुद्धा खाली आणली. त्यांच्या घरात अंधार पडला की मी भिंत चाचपत राहायची आणि बटण सापडायचं माझ्या कमरेशी. काम मनासारखं झालं की भाऊ एक पाऊल मागे सरकून म्हणायचे, "मापात हाय." याहून मोठं कौतुक त्यांच्याकडे नव्हतं. कालवण जमलं तरी मापात हाय, रविवारचा उपदेश आवडला तरी मापात हाय.

एकच खिळा मारायचा ठेवला होता, फोटोचा. नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात भाऊंनी तो लेथवर स्वतः वळला होता, पितळेचा. पाणसळीशेजारी खिशात असायचा. घर पुरं झालं की चर्चच्या पाळकांना बोलवायचं, घरभरणीची प्रार्थना करायची, मंडळींना जेवू घालायचं आणि सगळ्यांच्या देखत फोटो लावायचा, असा बेत.

घर मात्र पुरं होईना. पुढच्या खोलीची फरशी दोन सूत उतरती निघाली. दोन सूत म्हणजे पाव इंच. दोघांनी मिळून ती उखडली, पुन्हा बसवली. मग दार घासायला लागलं. दार तासलं तर फट पडली. तेवढ्यात एक पाळक बदलून गेले, दुसरे आले.

एका दुपारी मार्थावहिनी मोतिया रंगाचा ब्लाऊजपीस घेऊन माझ्याकडे आल्या.

"घरभरणीला घालायचाय. ताई, तुमी सांगा ना ह्यांना. येत्या रविवारी करून टाकू. फरशीचं मागनं बघू. एकदा फोटो लागला म्हंजी मला घर आपलं झाल्यावानी वाटंल."

मी त्यांच्या खांद्याचं माप घेत होते. म्हटलं, "सिमेंटच्या गोण्यांत माणसं बसवणार कुठं, वहिनी? थांबा थोडं. एकदाच काय ते नीट करा."

"तेबी खरंच हाय," त्या म्हणाल्या.

व्यवहाराचं बोलल्याचं मला समाधान वाटलं होतं. चुकलेली शिवण मी उसवून पुन्हा घालते. हे वाक्य मात्र तसंच राहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात भाऊंनी स्वयंपाकघरासाठी फळी कापली, ती वीतभर लांब निघाली. दुसरी कापली, ती हातभर लांब. भाऊ चिडले. मला कंपाउंडपाशी स्पष्ट ऐकू आलं, "शून्य धर म्हनतो तर धरतीस कुठं?"

"शून्य कंचं, ते दावा ना," वहिनी म्हणाल्या.

भाऊंना थट्टा वाटली. मलाही.

डॉक्टरांनी सांगितलं, विसरण्याचा आजार आहे, वाढत जाईल. तो वाढला. आधी माणसांची नावं गेली, मग स्वयंपाकातलं मीठ, मग गेल्या काही वर्षांतलं एकेक. शेवटी पुढच्या खोलीत पाणसळीचा बुडबुडा बरोबर मधोमध थांबला, घर पुरं झालं. तेव्हा मार्थावहिनींच्या लेखी ते कारखान्याचं क्वार्टर होतं.

"एवढं खिळं कुनी मारलं हो? बाबू बघंल की!"

दिवसभर भिंतीशी उभ्या राहायच्या, पदरानं खिळे झाकायला बघायच्या. जेवेनात. भाऊंनी घराचे कागद दाखवले, हातात किल्ली दिली. त्या जास्तच रडायला लागल्या. मग भाऊंनी पक्कड घेतली.

गेल्या मंगळवारी मी तो मोतिया ब्लाऊज घेऊन त्यांच्याकडे गेले. शिवून कधीचा माझ्याकडे पडून होता. भाऊ स्टुलावर चढून पुट्टीनं शेवटची भोकं बुजवत होते. खाली पत्र्याच्या डब्यात सगळे खिळे.

"सा दिस लागले काढायला," ते म्हणाले. "मारताना लई मजा आल्ती."

त्यांनी आणखी एक भोक बुजवलं.

"तिनं सांगितलं हुतं, ताई. करून टाकू म्हनली हुती. दोन सुतानं कोन पडलं असतं का त्या फरशीवर?"

"मलाही म्हणाल्या होत्या," मी म्हटलं. "मीच थांबा म्हटलं."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

तेवढ्यात मार्थावहिनी आतून आल्या. मला पाहून पदर सावरला. चेहरा घाबरलेला.

"इस्टेटीतनं आलात?"

भाऊंचा हात भिंतीवर तसाच थांबला. मी शाळेच्या गॅदरिंगमध्येसुद्धा कधी काम केलेलं नाही. ब्लाऊजची पिशवी काखेत मारली आणि म्हटलं, "हो. भिंती बघायच्यात."

चारही भिंतींवरून तळहात फिरवला. मधे दोनदा उगीच थांबले, कारण बाबू थांबत असणार. पुट्टी ओली होती. हाताला लागली ती मी पाठीमागे साडीला पुसली.

"एकही भोक नाही," मी म्हटलं. "पास."

मार्थावहिनींनी केवढा तरी श्वास सोडला. नवऱ्याकडे वळल्या. कितीतरी महिन्यांनी मी त्यांना हसताना पाहिलं.

"सुटलो बघा. आता आपल्या घरी जायचं ना?"

"जायचं की."

"आईचा फोटो लावायचाय. खिळा घेतलाय का?"

साळवेभाऊ स्टुलावरून उतरले. हात शर्टाला पुसला, खिशातून पितळेचा खिळा काढला आणि वहिनींच्या तळहातावर ठेवला.

"घेतलाय. तूच धर."