चौगुले सर आणि बिनतेलाची बिजागरी

बिजागरीला तेल घालणं हा आमच्या घरात गुन्हा आहे. कायदा चौगुले सरांचा. ते घरमालक, वरच्या मजल्यावर राहतात; मी खाली, भाडेकरू. एकदा जिन्याचं दार फारच बोंबलायला लागलं म्हणून तेलाची बाटली घेऊन मी स्टुलावर चढलो, तर सर अर्ध्या दाढीला फेस तसाच ठेवून धावत खाली आले.

"थांबा! तेल घालायचं न्हाय! ऐका की जरा!"

मग त्यांनी दार हळू उघडलं, हळू मिटलं, पुन्हा उघडलं. डोळे मिटून ऐकत राहिले. मी आपला स्टुलावर, बाटली हातात धरून उभा.

"हे कुरकुरणं न्हवं," शेवटी निकाल लागला. "किरकिरणंबी न्हवं. असू दे तसंच."

सर हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले आणि आता एका प्रकाशकासाठी इंग्रजी रहस्यकथा मराठीत आणतात. ते हातानं लिहितात, मी टाइप करतो. माझं टायपिंगचं दुकान खालीच आहे. सध्याच्या कादंबरीत एक जुना बंगला आहे, आणि त्यात जे म्हणून आहे ते 'क्रीक' होतं. दार क्रीक, जिना क्रीक, खाट क्रीक, खुनी माणसाचे बूटसुद्धा क्रीक. शब्दकोशात म्हणे 'करकर आवाज' एवढंच दिलंय. सरांचं डोकं फिरलं.

"आख्ख्या बंगल्याला एकच आवाज? त्यांचं चालत असंल. आपलं दार कुरकुरतं, झोका कुईंकुईं करतो, बूट करकरतो. कुणाचं क्रीक, ते बघायला नको?"

आणि जिथं जिथं क्रीक, तिथं सरांनी कोरी जागा सोडलेली. म्हणजे मी रोज कादंबरी टाइप करत नव्हतो, 'गाळलेल्या जागा भरा'चा पेपर टाइप करत होतो. प्रकाशक वैतागून मला फोन करायचा, कारण सर त्याचा फोन उचलायचे नाहीत.

"शब्द कानानं धरायचा असतो," हे सरांचं पालुपद. त्यापायी रंकाळ्याच्या बागेत ते पोरांच्या झोक्यावर जाऊन बसले. राखणदार ओरडत आला, "ओ पावणं, पोरांचा झोका हाय त्यो. उतरा खाली!" सर म्हणाले, "आवाज फुटंना. तुम्हीबी जरा बसा की शेजारी." आणि खरं सांगतो, तो बसला. बैलगाडीचा आवाज ऐकायचा म्हणून मी त्यांना गडमुडशिंगीला, माझ्या मेव्हण्याच्या मळ्यावर नेलं. गाडीला रबरी टायर निघाले. सर इतके हिरमुसले की मेव्हण्यानं चहाबरोबर त्यांची माफी मागितली.

हे सगळं मी सोसलं. सोसवत नव्हतं ते माझ्या डोक्यावरचं. सर घरात कोल्हापुरी चप्पल घालून हिंडायचे. तीही साधी नव्हे, चप्पल लाईनीतल्या कारागिराकडून मुद्दाम करून आणलेली, तळाच्या दोन थरांत आवाजासाठी झाडाचं बी बसवलेली, पावलागणिक कर्रऽ वाजणारी. असली चप्पल पैलवानानं घालावी आणि रस्त्यानं निघावं, माणसं वळून बघतात. सर स्वयंपाकघरातून न्हाणीघरात निघायचे. माझी बायको चिडायची. "घरात चप्पल! काकूंना दिसत न्हाय म्हणून फावतंय ह्यांचं."

सरांच्या बायकोची, सुमनकाकूंची, नजर काचबिंदूनं पार गेली आहे. पण भाकरी अजून त्याच थापतात. कुणी हात धरायला गेलं की झटकतात. "डोळं गेल्यात, मी न्हाय गेले," असं ठणकावतात.

दिवाळीच्या आधी त्यांची लेक पुण्याहून आली. भारी झपाट्याची बाई. सर बँकेत गेलेले बघून तिनं घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं, आणि जाता जाता बापाच्या चपलांना एरंडेल चोळचोळून चोळलं, उन्हात मुरवलं. चप्पल लोण्यासारखी मऊ झाली, आवाज मेला. लेक समाधानानं पुण्याला गेली.

मी म्हटलं, सुटलो बुवा!

दुसऱ्या दिवशी सकाळी वरून काकूंची हाक आली. "अहो? कुठं हायसा?" थोड्या वेळानं पुन्हा, जरा घाबऱ्या आवाजात, "अहो?" इतक्या वर्षांत ही हाक मी ऐकली नव्हती. मग भांडं पडल्याचा आवाज. मी हातातलं टाकून उठलो, तोवर वर कर्र, कर्र सुरू झालं. पण ह्या कर्रला मध्येच खोकला येत होता.

मी जिना चढलो. दार लोटलं. तेल घातलेलं दार ते, हूं की चूं केलं नाही, त्यामुळं मी आल्याचं कुणाला कळलंच नाही.

सर दुधाचं पातेलं घेऊन ओट्याकडं चालले होते. पायात मुकी चप्पल, आणि पावलागणिक तोंडानं म्हणत होते, "कर्रऽ... कर्रऽ..." काकू खाली बसून मेथी निवडत होत्या. सर जातील तिकडं त्यांचा चेहरा वळत होता.

"अहो, डाव्या पायाचा आवाज बारीक हुता की," काकू म्हणाल्या.

"व्हय की, इसरलोच," सर म्हणाले, आणि डावं पाऊल टाकताना, "किर्रऽ."

काकू खळखळून हसल्या. मला हसू यायला हवं होतं, पण डोळेच भरून आले.

मला बघून सर लाजले. बाहेर जिन्यात येऊन हळूच म्हणाले, "तिला कुठं हायसा म्हणून विचारायला लागू ने, म्हणून त्या चपला. आज विचारायला लागलं तिला."

त्याच दिवशी मी स्वतः चप्पल लाईनीत जाऊन नवा जोड सांगून आलो. झाला तयार. आवाज असा की एकदम काटा किर्र. सर तो घालून घरभर फिरले. काकूंनी मन लावून ऐकलं.

"चांगल्या हायत," त्या म्हणाल्या. "पर त्या बाहेर जायला ठेवा. घरात आपलं तोंडानंच करा."

बंगल्यातल्या जागा अजून कोऱ्याच आहेत. प्रकाशकाचा फोन आला की मी सांगतो, काम चाललंय. डोक्यावर कर्र, किर्र चालू असतं. टाइप केलेले कागद द्यायला वर जातो तेव्हा बघतो, सरांना खोकला आला की ते थांबतात, आणि काकूंचा मेथीतला हातही थांबतो. कर्र ऐकू आलं की पुन्हा निवडायला लागतो.