नाना सोनाराचं ‘उद्या’

आमच्या गावचा नाना सोनार बाईच्या तोंडाकडं बघत नाही, कानाकडं बघतो. समोरून कुणीही येऊ दे, अगदी फौजदाराची बायको असली तरी हा वाट अडवून म्हणणार, "बाई, डाव्या कुडीचं मळसूत्र ढिलं हाय. पडंल." आणि ते खरंच ढिलं असतं. यापायी त्यानं दोनदा मार खाल्लाय. सवय गेली नाही.

मळसूत्र म्हणजे कुडीमागच्या नळीत फिरतो तो बारका इस्क्रू. त्यावर नानासारखे आटे पाडणारा हात सांगलीच्या पेठेतसुद्धा नाही, हे मी लिहून देतो. शिकलोय चौथीपर्यंत, पण एवढं लिहिता येतं. झिजलेला इस्क्रू तो टाकत नाही, मेणाच्या गोळ्यात खोचून ठेवतो. गोळा आता साळिंदरासारखा दिसतो. मापं तोंडी सांगितली की चिडतो. "आधी भोक आणा," एवढंच बोलणं. सोनार म्हटला की ‘उद्या या’ आलंच, पण नानानं जन्मात कुणाला उद्या सांगितलं नव्हतं. आज म्हणजे आज.

चळवळीच्या सालात आमचा थोरला शिरपा घरातून गेला. चार पोरांबरोबर नदीकाठच्या उसात लपून राहायचा. गावातल्या पोलीस चौकीत बंदुका दोनच, आणि दोन्हींचे इस्क्रू झिजून पडलेले. लढाई चालू, पुण्याहून सामान येईना. बाजारातला इस्क्रू बसेना. मग कुणीतरी हवालदाराला नानाचं नाव सांगितलं.

नाना म्हणाला, "आधी भोक आणा."

हवालदारानं दोन्ही बंदुका आणून त्याच्या ऐरणीशेजारी ठेवल्या. राखणीला एक शिपाई बसवला, तो घटकाभरात घोरायला लागला.

मला कळलं तसा मी तरातरा गेलो. "नाना, ह्या बंदुकीनं माझं पोरगं मरंल, आन् तिचा इस्क्रू तू करणार?"

तो कानस घासत राहिला. "भोक आलंय दारात. इस्क्रू कराया पायजेच की रं गड्या."

मी त्याच्या दारात थुंकलो. गावानंही त्याच्याकडं जाणं सोडलं. बायकांनी कुड्या दोऱ्यानं बांधल्या, पण त्याची पायरी चढल्या नाहीत.

माझी बायको तेवढी गेली. मला न विचारता, भर दुपारी. मळसूत्र बसवून परत आली आणि चुलीपुढं एकटीच हसायला लागली.

"हसतीस काय?"

"आवं, हवालदार आलता. नाना त्येला म्हनले, उद्या या."

"मग?"

"मग काय? माझं काम त्येंनी घटकंत केलं. नानांनी कवा कुनाला उद्या सांगितलंय?"

चौथी शिकलेला मी, आणि अंगठा उठवणारी ती.

ते उद्या चार महिने चाललं. आज आटा चुकला, उद्या पोलाद मऊ निघालं, परवा एकादशी. शेवटी हवालदार काठी उगारून उभा राहिला. समोरच्या कट्ट्यावरनं मी बघत होतो.

"आज इस्क्रू दे, न्हाईतर हात मोडीन!"

नानानं हात ऐरणीवर ठेवला. "मोडा की सायेब. पर मग उद्याचं परवा हुईल."

काठी बसली. दोन बोटं वाकडी झाली, ती अजून वाकडीच आहेत. बंदुका तशाच खिळखिळ्या पुण्याला गेल्या. तोवर पोरं नदी उतरून पार झाली होती. शिरपा जिता घरी आला. त्याला पाया पडायला नेलं तर नाना म्हणतो, "ह्येचं लगीन कवा? सुनंच्या कुड्या बघायच्या हायत."

स्वराज्य आलं. चावडीपुढं सत्कार झाले. ज्यांनी उसाचं पान पाहिलं नाही त्यांच्याही गळ्यात हार पडले. मी उठून नानाचं नाव घेतलं. खाली बसा म्हणाले. बसलो नाही. अजून बसलेलो नाही, म्हणून हे लिहितोय.

गेल्या माघात माझी बायको गेली. नदीवर कुड्या काढताना एक मळसूत्र वाळूत पडलं, ते सापडलं नाही. दिवस घातल्यावर कुडी घेऊन नानाकडं गेलो. सुनेला द्यायची होती. म्हटलं, "भोक आणलंय."

त्यानं कुडी डोळ्याजवळ नेली. त्याची बायको जाऊन वीस वर्षं झाली, मूलबाळ नाही.

"उद्या ये," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गेलो. वाकड्या बोटांनी त्यानं चहा केला. "उद्या ये."

आता वैशाख लागला. मी रोज जातो. तो चहा करतो, मी हिच्याबद्दल बोलतो, तो काहीतरी ठोकत बसतो.

परवा तो पाणी आणायला आत गेला, तेव्हा मेणाचा गोळा सहज हातात घेतला. त्या काट्यांत एक नवं कोरं सोन्याचं मळसूत्र होतं. कुडी समोरच होती. लावून बघितलं. पहिल्याच फेऱ्याला बसलं.

काढलं, आणि परत मेणात खोचलं.

नाना तांब्या घेऊन आला. "झालं न्हाई अजून," म्हणाला.

"घाई कुनाला हाय?" मी म्हणालो. "उद्या येतो."